कोरडा, ओला आणि मधला माल: खनिज प्रक्रियेत स्क्रू कन्व्हेयर निवडताना आणि चालवताना

रामटेकच्या वाटेवरचे मनसर आणि कांद्री, सावनेर तालुक्यातले गुमगाव आणि भंडारा जिल्ह्यातले चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज, उमरेड पट्ट्यातला कोळसा, कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांची राख, अशा मालाची ने-आण करणाऱ्या कारखान्यांत नागपूर परिसरातील अनेक तरुण अभियंते आणि डिप्लोमाधारक दरवर्षी रुजू होतात. क्रशर, जिग, चुंबकीय विलगक यांची माहिती त्यांना अभ्यासक्रमातून झालेली असते. परंतु एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात माल नेणाऱ्या स्क्रू कन्व्हेयरकडे मात्र बहुधा कोणी लक्ष वेधलेले नसते. प्रत्यक्ष पाळीत उभे राहिल्यावर मात्र असे दिसते की, प्लांट बंद पडण्याच्या कारणांत मोठ्या यंत्रांपेक्षा हे साधे दिसणारे यंत्रच पुष्कळदा पुढे असते. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. त्यात सांगायचे आहे ते मुख्यतः इतकेच की, स्क्रूची निवड मालाच्या सर्वांत वाईट अवस्थेला धरून करावी आणि मोटरची अश्वशक्ती हा शेवटचा प्रश्न मानावा.

यंत्राची रचना थोडक्यात

इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा पत्र्याचा लांबट ट्रफ, त्यात फिरणारा पाइपचा शाफ्ट आणि शाफ्टवर सर्पिल आकारात वेल्ड केलेले पाते, ज्याला फ्लाइट म्हणतात, एवढाच या यंत्राचा गाभा आहे. दोन्ही टोकांना बेअरिंग असतात, आणि लांबी साधारण तीन मीटरपेक्षा जास्त झाली की मधल्या जोडांवर वरून लोंबणारे हँगर बेअरिंग बसवावे लागते. पात्याच्या एका वळणापासून पुढच्या वळणापर्यंतचे अंतर म्हणजे पिच. सर्वसाधारण स्क्रूमध्ये पिच पात्याच्या व्यासाएवढा ठेवतात. शाफ्ट एक फेरा फिरला की माल सैद्धांतिकदृष्ट्या एक पिच पुढे सरकतो. तो सरकतो याचे कारण असे की, ट्रफच्या भिंतीशी होणारे घर्षण आणि मालाचे स्वतःचे वजन त्याला पात्याबरोबर गोल फिरू देत नाही. माल पात्याला चिकटून शाफ्टबरोबर फिरू लागला, तर स्क्रू कितीही वेगाने फिरवला तरी पुढे काहीच जात नाही. ओल्या मालाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच एका गोष्टीत सापडते.

पहिली पायरी: मालाची परीक्षा

यंत्राची चौकशी करण्याआधी मालाची चौकशी करावी आणि ती स्वतःच्या हाताने करावी. पुरवठादाराच्या फॉर्मवर ‘मँगनीज ओअर फाइन्स’ एवढे लिहिणे पुरेसे नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर असताना उघड्या यार्डातून येणारा बारीक माल आणि जुलैत चार दिवसांच्या झडीनंतर त्याच यार्डातून लोडरने उचललेला माल यांचे नाव एकच असले, तरी स्क्रूच्या दृष्टीने ते दोन वेगळे पदार्थ आहेत. उन्हाळ्यात घेतलेल्या नमुन्यावर यंत्राची निवड झाली आणि उभारणी पावसाळ्यात पूर्ण झाली, की पहिल्याच आठवड्यात वाद सुरू होतो, आणि त्या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या परीने खरे असते.

नमुना ढिगाच्या वरच्या थरातून घेऊ नये, कारण तो उन्हाने वाळलेला असतो. ढीग कापून आतला, तळाजवळचा माल घ्यावा. त्यातील ५०० ग्रॅम माल १०५ अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत भट्टीत वाळवावा. वजन ४४० ग्रॅमवर थांबले तर ६० ग्रॅम पाणी होते, म्हणजे ओल्या वजनाच्या हिशेबाने ओलावा १२ टक्के. आकडा ओल्या वजनावर काढला की कोरड्या वजनावर, हे अहवालात लिहावेच, कारण कोरड्या वजनावर हाच आकडा साडेतेरा टक्क्यांच्या वर जातो आणि दोन विभागांतील माणसे एकाच नमुन्यावरून भांडत बसतात.

त्यानंतर ढोबळ घनता मोजावी. मापलेल्या वीस लिटरच्या बादलीत माल सैल भरून वजन घ्यावे, मग बादली ठोकून, माल बसवून आणि वरून भर घालून पुन्हा वजन घ्यावे. सैल घनता क्षमतेच्या हिशेबाला वापरावी आणि दाबलेली घनता ताकदीच्या हिशेबाला. मँगनीज खनिजाची ढोबळ घनता दर घनमीटरला दोन टनांच्या आसपास असते, तर उडणाऱ्या राखेची एका टनाहूनही कमी. त्यामुळे राखेसाठी घेतलेला जुना स्क्रू खनिजासाठी वापरायला काढणे किती धोक्याचे आहे, हे निराळे सांगायला नको.

तिसरी परीक्षा मुठीची आहे आणि प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा मी तिच्यावर अधिक भिस्त ठेवतो. मूठभर माल घट्ट दाबून हात उघडावा. माल लगेच विस्कटला आणि तळहात कोरडा राहिला, तर साधा स्क्रू चालेल. लाडवासारखा गोळा वळला आणि बोटाने टोचल्यावरही तो फुटला नाही, तर तो चिकटा माल आहे. दाबल्यावर बोटांच्या फटीतून पाणी सुटले, तर माल जवळजवळ संपृक्त आहे आणि त्याला वाहून नेण्याआधी निथळावे लागेल. या तिघांत मधली अवस्था सर्वांत त्रासदायक असते. कणांमध्ये थोडे पाणी असताना पाण्याचे पूल कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. पाणी पुरेसे वाढले की हे पूल नाहीसे होतात आणि माल पुन्हा सैलावतो. म्हणूनच ‘ओला माल चालत नाही’ ही तक्रार अपुरी असते. किती ओला, हे विचारल्याशिवाय तिच्यावर उपाय सुचत नाही.

ढेकळांचा आकार, कणांची धार आणि तापमान या नोंदी यानंतर कराव्यात. मँगनीज खनिज, क्वार्ट्झ आणि क्रोमाइट घासून झीज करणारे आहेत. चुनखडी आणि कोळसा त्या मानाने सौम्य आहेत, परंतु कोळशात दगडाचे प्रमाण वाढले की तोही सौम्य राहत नाही. मालाची शास्त्रोक्त चाचणी करून घ्यायची असेल तर नागपूरकरांना फार दूर जावे लागत नाही. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय याच शहरात आहे आणि त्याची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा हिंगणा औद्योगिक वसाहतीत आहे.

दुसरी पायरी: स्क्रू योग्य आहे का, हे ठरवणे

धूळ बाहेर पडू नये, जागा अरुंद असावी, अंतर थोडे असावे आणि मधूनच दोन-तीन ठिकाणी माल टाकता यावा, अशा कामांना स्क्रू उत्तम. मोठ्या ढेकळांचा, फार झीज करणारा माल ताशी शेकडो टन न्यायचा असेल तर पट्टाच बरा. उभा चढ असेल तर बकेट एलेव्हेटर पाहावा. आणि माल पातळ स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेला बारीक माल, असेल तर तो पंपाचा विषय आहे. स्क्रूमध्ये स्लरी ओतली की ती पात्याखालच्या फटीतून मागे वाहते आणि टोकाच्या सीलमधून बेअरिंगवर उतरते. वाळू निथळण्यासाठी चढत्या ट्रफमध्ये बसवलेला स्पायरल क्लासिफायर दिसायला याच कुळातला असला तरी त्याचे काम वेगळे आहे: तो जड कण वर ओढतो आणि पाणी व गाळ मुद्दाम मागे वाहू देतो.

तिसरी पायरी: पात्याचा आणि ट्रफचा प्रकार

कोरड्या, मोकळ्या वाहणाऱ्या मालाला अखंड पात्याचा, पूर्ण पिचचा स्क्रू घ्यावा. किंचित चिकट मालाला रिबन पाते बसवतात. त्यात पाते शाफ्टपासून सुटे असते आणि काही आधारांवर उभे असते, त्यामुळे शाफ्ट व पाते यांच्या कोपऱ्यात माल साचत नाही. ओल्या मालाचा पहिला थर नेमका याच कोपऱ्यात धरतो, तो वाळून कडक होतो, त्यावर दुसरा थर बसतो आणि काही दिवसांत स्क्रूचा जाड दंडगोल तयार होतो.

मूठपरीक्षेत गोळा फुटत नसेल, तर रिबनवरही थांबू नये. अशा मालासाठी शाफ्टच नसलेला, जाड पट्टीच्या सर्पिलाचा स्क्रू मिळतो. तो प्लास्टिकच्या गुळगुळीत अस्तरावर टेकून फिरतो, त्याला मधले हँगर बेअरिंग लागत नाही आणि माल ज्याच्याभोवती गुंडाळला जाईल असा शाफ्टही नसतो. फिल्टर प्रेस, म्हणजे गाळ दाबून त्यातले पाणी काढणारे यंत्र, यातून पडणाऱ्या दमट वड्यांसाठी, म्हणजे केकसाठी, हीच निवड बहुधा योग्य ठरते. मात्र त्याच्या मर्यादा आधी समजून घ्याव्यात. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनचे अस्तर साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर वापरण्याजोगे नसते, म्हणून ड्रायरच्या पुढे ते बसवू नये. आणि धारदार खनिज अस्तर लवकर खाते, म्हणून अस्तराची जाडी तपासण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी.

राखेची गोष्ट याच्या उलट आहे. हॉपरमधून नुकतीच उतरलेली, हवा भरलेली उडणारी राख पाण्यासारखी वाहते आणि स्क्रू थांबलेला असतानाही पात्याच्या सर्पिलातून वाट काढत दुसऱ्या टोकाला बाहेर पडते. तिथे स्क्रूला मापाचे यंत्र समजणे चूक आहे. वर रोटरी व्हॉल्व्ह, म्हणजे कप्प्याकप्प्याने माल सोडणारी फिरती झडप, हवा, आत जाण्याच्या बाजूला पिच अर्धा असावा, ट्रफऐवजी बंद नळी असावी. राख ट्रकमध्ये भरण्याआधी पाणी मारून दमट करायची असेल, तर पाती तुकड्यातुकड्यांची, पॅडलसारखी असलेला दुहेरी शाफ्टचा मिक्सर वापरतात.

चौथी पायरी: व्यास, वेग आणि शक्तीचा हिशेब

हिशेब अवघड नाही आणि नवख्याने तो कागदावर एकदा तरी स्वतः करावा. समजा, ६ मिलिमीटरखालचे मँगनीज फाइन्स ८ मीटर आडवे न्यायचे आहेत, घनता दर घनमीटरला २ टन आहे आणि ताशी २५ टनांची गरज आहे. व्यास ४०० मिलिमीटर आणि पिचही ४०० मिलिमीटर घेतला, तर एका फेऱ्यात पाते ०.७८५ गुणिले ०.४ चा वर्ग गुणिले ०.४, म्हणजे सुमारे ०.०५ घनमीटर जागा पुढे ढकलते. मिनिटाला ३० फेरे धरले तर तासाला १,८०० फेरे होतात आणि सुमारे ९० घनमीटर जागा पुढे जाते. ही सर्व जागा मालाने भरायची नसते. मोकळ्या आणि सौम्य मालाला ट्रफचा ४५ टक्के भाग, मध्यम मालाला ३० टक्के आणि फार झीज करणाऱ्या मालाला केवळ १५ टक्के भरण्याची रूढ मर्यादा आहे. आपला माल तिसऱ्या गटातला, म्हणून ९० चे १५ टक्के, म्हणजे साडेतेरा घनमीटर. गुणिले २, म्हणजे ताशी २७ टन. गरज भागते.

इथे अनेकांना मोह होतो की ३०० चा स्वस्त स्क्रू घेऊन फेरे वाढवावेत. कागदावर टन जुळतात. पण भरण आणि वेग वाढले की पाते, ट्रफ आणि हँगर यांची झीज वाढते आणि स्वस्त स्क्रू वर्षभरात महाग पडतो. झिजवणाऱ्या मालाला मोठा व्यास आणि मंद वेग, हा नियम मी तरी सोडणार नाही.

ढेकळांची तपासणीही इथेच करावी. शाफ्टचा बाहेरचा व्यास ११४ मिलिमीटर आणि पात्याच्या कडेपासून ट्रफपर्यंत १२ मिलिमीटरची नेहमीची फट धरली, तर शाफ्ट आणि ट्रफ यांच्यात सुमारे १५५ मिलिमीटर जागा उरते. मालात ढेकळे पाव हिश्शाएवढी असतील, तर सर्वांत मोठे ढेकूळ या जागेच्या अडीचव्या भागापेक्षा, म्हणजे ६२ मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे. जवळजवळ सगळा माल ढेकळांचाच असेल तर मर्यादा साडेचाराव्या भागावर, म्हणजे ३४ मिलिमीटरवर येते.

शक्तीसाठी आयएसओ ७११९ या मानकातील सूत्र पुरेसे आहे. ताशी टन गुणिले लांबी गुणिले मालाचा रोधगुणांक, भागिले ३६७, हा मालाचा भाग. त्यात व्यास गुणिले लांबी भागिले २० हा रिकाम्या स्क्रूचा भाग मिळवायचा. रोधगुणांक बहुतेक मालांना २ ते ४ च्या दरम्यान असतो. खनिजाला ४ धरावा. २७ गुणिले ८ गुणिले ४ भागिले ३६७ म्हणजे २.३५, अधिक ०.१६, म्हणजे शाफ्टवर अडीच किलोवॅट. गिअरबॉक्स आणि ड्राइव्हची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर जवळजवळ तीन किलोवॅट. बाजारातली ३.७ किलोवॅटची, म्हणजे पाच अश्वशक्तीची मोटर रोजच्या कामाला चालते. वीज गेल्यावर भरलेला स्क्रू पुन्हा चालू करण्याची वेळ येणार असेल तर साडेपाच किलोवॅटची घ्यावी.

याहून मोठी मोटर मागणाऱ्याला एक प्रश्न विचारावा: शाफ्ट ती सोसेल का? ९,५५० ला किलोवॅटने गुणून मिनिटाच्या फेऱ्यांनी भागले की पीळ न्यूटन-मीटरमध्ये मिळतो. ३० फेऱ्यांना साडेपाच किलोवॅट म्हणजे सुमारे १,७५० न्यूटन-मीटर, आणि चालू होताना मोटर याच्या दुपटीच्या आसपास जोर लावू शकते. चोक झालेल्या, म्हणजे मालाने अडलेल्या, स्क्रूवर दहा अश्वशक्तीची मोटर चढवली, तर पूर्वी जादा भारावर वीज तोडणारा रिले ट्रिप होत होता तिथे आता कपलिंगचे बोल्ट तुटतात किंवा पाइपच्या टोकाचा वेल्ड फाटतो. बिघाड नाहीसा होत नाही, फक्त महाग होतो.

चढाचा हिशेबही नवख्यांना चकवतो. वीस अंशांपर्यंत, दर अंशाला क्षमता सुमारे दोन टक्क्यांनी घटते असे धरण्याची पद्धत आहे. वरच्या उदाहरणात स्क्रू दहा अंश चढता बसवला तर २७ टनांचे साडेएकवीस उरतात आणि गरज भागत नाही. उलट माल उचलण्यासाठी लागणारी जास्तीची शक्ती पाहिली तर ती ०.१ किलोवॅट इतकीच भरते. म्हणून चढत्या स्क्रूला मोटर वाढवून उपयोग होत नाही. पिच दोन-तृतीयांश करून आणि मालाला मागे घसरायला वाव न देणारी नळी वापरून, त्या कमी पिचसाठी व्यासाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

पाचवी पायरी: तोंडावर नियंत्रण

स्क्रू कन्व्हेयर आणि स्क्रू फीडर ही दिसायला एकसारखी, परंतु स्वभावाने वेगळी यंत्रे आहेत. फीडर हॉपरच्या थेट खाली असतो, तो शंभर टक्के भरलेला असतो आणि किती माल जावा हे तोच ठरवतो. कन्व्हेयरमध्ये माल मोजून आलेला असतो आणि ट्रफ अर्ध्याहून रिकामा असतो. हॉपरच्या तळाला साधा कन्व्हेयर जोडून वरची गेट पूर्ण उघडली की तो नकळत फीडर बनतो. पंधरा टक्क्यांसाठी निवडलेल्या स्क्रूत शंभर टक्के माल शिरतो, पहिल्याच हँगर बेअरिंगपाशी तो अडतो आणि मोटर ट्रिप होते. चोक झालेल्या स्क्रूची तपासणी करताना मी आधी मोटरकडे जात नाही. वरचा गेट किती उघडा आहे ते पाहतो.

फीडरमध्येही एक खोच आहे. पिच सगळीकडे सारखा असेल तर हॉपरच्या मागच्या टोकाचा माल पहिल्याच वळणांत शिरतो आणि पुढे तोंडभर हॉपर असूनही स्क्रूत जागाच उरत नाही. परिणामी हॉपरमधला माल एकाच कोपऱ्यातून उतरतो आणि बाकीचा जागच्या जागी थिजतो. पावसाळ्यात तर तो भिंतीसारखा उभा राहतो. त्यासाठी पिच पुढे पुढे वाढत जाणारा किंवा शाफ्ट पुढे पुढे निमुळता होत जाणारा फीडर घ्यावा, म्हणजे प्रत्येक वळणाला वरून थोडा नवा माल घेता येतो.

फिल्टर प्रेसच्या खाली प्रश्न आणखी वेगळा असतो. प्रेस उघडली की केकचे तक्ते एकामागून एक धाडकन खाली पडतात; म्हणजे सरासरी ताशी पाच टनांचा माल प्रत्यक्षात काही मिनिटांच्या सपाट्याने येतो. सरासरीवर निवडलेला स्क्रू इथे टिकत नाही. प्रेसखाली तक्ते फोडणारे दांडे आणि प्रेस एकदा उघडल्यावर पडणारा संपूर्ण केक मावेल असा तिरक्या, गुळगुळीत भिंतींचा हॉपर ठेवावा आणि त्याखालच्या स्क्रूने तो माल पुढच्या वेळेपर्यंत हळूहळू काढावा.

सहावी पायरी: धातू, हँगर आणि सील

मँगनीजच्या मुलखात राहून मँगनीज स्टीलची शिफारस ऐकायला मिळणारच. जास्त मँगनीजचे हॅडफिल्ड स्टील आघात झाला तरच पृष्ठभागावर कडक होते. म्हणून ते क्रशरच्या जबड्यात शोभते. स्क्रूच्या पात्यावर आघात नसतो, बारीक मालाची नुसती घासण असते, आणि तिथे हे स्टील आपला गुण दाखवत नाही. पात्यासाठी ४०० ते ५०० ब्रिनेल कडकपणाची झीजरोधक प्लेट घ्यावी, किंवा साध्या पोलादी पात्याच्या पुढच्या, माल ढकलणाऱ्या तोंडावर आणि बाहेरच्या कडेवर हार्डफेसिंगचा, म्हणजे कडक धातूचा थर चढवणारा, वेल्ड द्यावा. मागच्या बाजूवर वेल्ड घालणे हा निव्वळ इलेक्ट्रोडचा अपव्यय आहे.

कोरड्या झिजवणाऱ्या मालात ट्रफ आणि पाते यांच्या फटीत मालाचा जो थर बसतो तो ट्रफचे रक्षण करतो, म्हणून तो खरवडून काढण्याची घाई करू नये. ओल्या मालात हाच थर वाळतो आणि पात्याला खालून रेटतो, म्हणून तिथे पाळी संपताना तो धुऊन काढावा आणि ट्रफच्या तळाला पाणी जाण्यासाठी झडप ठेवावी.

हँगर बेअरिंग जितके कमी तितके चांगले. जागा असेल तर जाड पाइप वापरून चार-पाच मीटरचा स्क्रू विनाहँगर करता येतो का ते आधी पाहावे, मात्र शाफ्टचा झोल पात्याच्या फटीत मावतो याची खात्री करून. हँगर टाळता येत नसेल, तर खनिजासाठी कडक ओतीव लोखंडाची बुश आणि तिला जुळणारी कडक केलेली कपलिंग शाफ्ट, अशी जोडी वापरावी. पितळी बुश धुळीत टिकत नाही. टोकाचे बेअरिंग ट्रफच्या भिंतीपासून सुटे, मध्ये मोकळी जागा ठेवून बसवावे, म्हणजे शाफ्टभोवतीच्या सीलमधून, ग्लँडमधून, गळलेला माल खाली पडतो, बेअरिंगमध्ये शिरत नाही.

सातवी पायरी: बसवणे

ड्राइव्ह माल बाहेर पडण्याच्या टोकाला ठेवावा. पाते मालाला पुढे ढकलते तेव्हा शाफ्टवर उलट दिशेचा रेटा येतो. ड्राइव्ह आणि हा रेटा सोसणारे थ्रस्ट बेअरिंग पुढच्या टोकाला असतील तर शाफ्ट ताणात राहतो आणि वाकत नाही. माल पडण्याच्या तोंडावर पाते अर्ध्यातच संपवावे, नाहीतर माल शेवटच्या भिंतीवर दाबला जातो.

ट्रफ पियानो तार ताणून सरळ करावा, डोळ्याच्या अंदाजाने नव्हे. ड्रायरमधून येणाऱ्या गरम मालासाठी प्रसरणाची जागा ठेवावी: ६ मीटरचा पोलादी शाफ्ट २०० अंशांनी तापला तर सुमारे १४ मिलिमीटर वाढतो. थ्रस्ट बेअरिंग एकाच टोकाला पक्के आणि दुसरे टोक सरकते ठेवले नाही, तर ही वाढ बेअरिंगचे घर फोडून स्वतःची जागा करते.

आठवी पायरी: पहिल्यांदा चालू करणे

मोटर जोडण्याआधी कपलिंग सोडवून तिची फिरण्याची दिशा पाहावी. उजव्या आणि डाव्या हाताचे पाते असते आणि दिशा चुकली की माल मागच्या टोकाला जाऊन ठासला जातो. रिकामा स्क्रू काही तास चालवावा, बेअरिंगचे तापमान पाहावे आणि रिकाम्या चालीचे अँपिअर झाकणावर रंगाने लिहून ठेवावेत. हा आकडा पुढे वर्षभर उपयोगी पडतो. रिकाम्या स्क्रूचे अँपिअर वाढले म्हणजे कुठेतरी घासते आहे किंवा माल धरला आहे. मग पाव, अर्धा आणि पूर्ण असा टप्प्याटप्प्याने माल सोडावा. पहिल्या पाळीनंतर कपलिंगचे बोल्ट पुन्हा आवळावेत.

चालू करताना शेवटचे यंत्र आधी आणि बंद करताना पहिले यंत्र आधी, हा क्रम इंटरलॉकमध्ये बांधून टाकावा. शाफ्टच्या मागच्या टोकाला फेऱ्यांचा सेन्सर असावा, कारण कपलिंग तुटल्यावरही मोटर आनंदाने फिरत राहते आणि पॅनेलवर हिरवा दिवा तसाच दिसतो. बाहेर पडण्याच्या शूटमध्ये माल तुंबल्याचा स्विच असावा. माल नेहमी संपवूनच स्क्रू थांबवावा. ओला माल तर पाळीभर ट्रफमध्ये राहिला की बसतो आणि सकाळी तो कुदळीने काढण्याची पाळी येते.

नववी पायरी: स्क्रू अडला तर

मोटर ट्रिप झाल्यावर पुन्हा पुन्हा बटण दाबू नये आणि उलट दिशेने फिरवून मोकळा करण्याचा प्रयत्नही सवयीने करू नये; माल मागच्या टोकाच्या सीलवर दाबला जातो आणि आज सुटलेला स्क्रू उद्या तिथून गळतो. वरची गेट बंद करावी. मोटरचा वीजपुरवठा मुख्य आयसोलेटरवर तोडावा, त्यावर स्वतःचे कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, आणि मग स्थानिक बटण दाबून स्क्रू खरोखर हलत नाही याची खात्री करावी. त्याआधी झाकणाचा एकही बोल्ट काढू नये. सावकाश फिरणारा स्क्रू निरुपद्रवी वाटतो, परंतु वर काढलेला पीळ पाहिला की हात सापडल्यास तो थांबणार नाही, हे उघड आहे. झाकणावर उभे राहू नये आणि तपासणीच्या भोकाला जाळी असल्याशिवाय ते उघडू नये.

मग अडकलेली जागा कुठे आहे ते पाहावे. माल आत येण्याच्या तोंडाजवळ असेल तर जास्त माल आला आहे. हँगरपाशी असेल तर हँगरची रुंदी किंवा भरणाचे प्रमाण तपासावे. बाहेर पडण्याच्या टोकाला असेल तर दोष बहुधा पुढच्या यंत्राचा किंवा शूटच्या उताराचा असतो. स्क्रूभर सारखा माल धरला असेल तर ओलावा पुन्हा मोजावा. झाकण उघडताना मास्क लावावा, कारण मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासातून गेल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होतो, आणि क्वार्ट्झच्या धुळीने सिलिकोसिस होतो. कोळशाच्या स्क्रूवर, साचलेली धूळ काढल्याशिवाय वेल्डिंग करू नये.

दहावी पायरी: नोंदी आणि सुटे भाग

दर महिन्याला, कुलूप लावून, पात्याची कडेची जाडी आणि ट्रफशी असलेली फट तोंडापाशी, मधे आणि शेवटी, अशा ठरलेल्या तीन ठिकाणी मोजावी. झीज तोंडाजवळ आणि हँगरच्या पुढच्या वळणावर जास्त असते. १२ मिलिमीटरची फट वाढून २५ वर गेली की क्षमता घटल्याची तक्रार येऊ लागते आणि ऑपरेटर ती भरून काढण्यासाठी वेग वाढवतो, ज्यामुळे उरलेले पाते आणखी लवकर जाते. व्हीएफडीवरचा, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणावरचा, फेऱ्यांचा आकडा हळूहळू चढताना दिसला, तर ते पात्याच्या झिजेचेच मोजमाप समजावे.

भांडारात हँगरच्या बुशांचा एक संच, कपलिंगचे बोल्ट मूळ प्रतीचेच, ग्लँड पॅकिंग आणि तोंडाजवळच्या पात्याचे सुटे तुकडे ठेवावेत. तुटलेल्या कपलिंग बोल्टच्या जागी हाताशी असलेला साधा बोल्ट घालण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती मोडावी, आणि बोल्टची प्रत स्क्रूच्या झाकणावर रिकाम्या चालीच्या अँपिअरशेजारी रंगवून ठेवावी. ही सर्व मोजमापे आणि बदली मे अखेरीस, झडी लागण्याआधी पूर्ण करावीत. जूनमध्ये ओला माल स्क्रूवर आल्यावर ट्रफ उघडायला सवड मिळत नाही.